पक्ष्याचं पोट

४ मार्च

ठके,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरले असं समजू नकोस. नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, त्याला कारण एकच. तू माझ्याबद्दल एक शब्द लिहून पाठवलास आणि तो माझ्या नजरेला पडला आहे.

आमच्या कोश विभागाचं प्रमुखपद या जूनमध्ये रिकामं होतंय. वीस वर्षं मी या विभागात शब्द निवडते आहे, तेव्हा नाव माझंच पुढे आलं. पण संचालिकाबाई ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्या. माझ्याबरोबर पूर्वी काम केलेल्या तिघांकडून त्यांनी अभिप्राय मागवले. त्या तिघांत तू आहेस हे मला कोणी सांगितलं नाही. तू आता तिकडे विद्यापीठात भाषा शिकवतेस, तुझ्या मताला वजन आहे, म्हणून विचारलं असेल. बहिणीला बहिणीबद्दल विचारू नये एवढंही या लोकांना कळत नाही. की कळतं, म्हणूनच विचारलं?

अभिप्राय गुप्त असतात. पण आवक-जावक सांभाळणारे काका माझ्या चहाला जागतात. त्यांनी फाइलीतून टाइप केलेला गोषवारा काढून दोन मिनिटं माझ्यासमोर धरला. पहिल्याने सहा ओळी लिहिल्या आहेत, दुसऱ्याने चार. तुझ्या नावापुढे एकच शब्द. व्हर्सटाइल.

काका म्हणाले, अष्टपैलू म्हणजे चांगलंच की हो, बाई. मी म्हटलं, हो, चांगलंच.

पण तू नानांची मुलगी आहेस. नानांच्या घरात कोणी शब्द उलटा करून पाहिल्याशिवाय वापरत नव्हतं. हा शब्द उलटा केला की खाली काय दिसतं ते तुलाही माहीत आहे. लॅटिनमधलं मूळ 'फिरवणं', 'पुन्हापुन्हा वळवणं'. आपल्या वर्तन, वर्तुळ, परिवर्तनाशी त्याचं लांबचं नातं. इंग्रजीत तो पहिल्यांदा आला चारशे वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्याचा अर्थ अष्टपैलू नव्हता. बेभरवशाचा, घडीत हो घडीत नाही, वारा येईल तशी पाठ देणारा, असा होता. लोकांना हुन्नरी माणसांसाठी शब्द हवा झाला तेव्हा त्याच्या अंगावर नंतर बरे कपडे चढवले. आतला माणूस तोच.

म्हणून सरळ विचारते. तुला कुठला अर्थ अभिप्रेत होता? अष्टपैलू, की पलटी खाणारी?

उलट टपाली कळव. पत्ता तोच आहे. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. काका माझ्या चहाला जागतात, पण आणखी कुणाकुणाच्या चहाला जागतात ते मला माहीत नाही.

ताई


१३ मार्च

ठके,

उत्तर नाही. पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. मी रजिस्टर केलं होतं आणि पोचपावतीवर तुझी सही आहे. तुझा 'ठ' अजून तसाच, पोटात टिंब दिल्यासारखा.

गप्प बसून तू मला बोलतं करते आहेस हे मला कळतंय. लहानपणीही तू हेच करायचीस. बरणी फुटली की तू काही न बोलता नुसती बघत राहायचीस आणि मी आपली, मी नाही, मी नाही, असं म्हणत सगळं सांगून मोकळी व्हायची.

तर बोलते. शब्दकोशात दोन लाख शब्द आहेत. त्यातला नेमका हाच शब्द तू उचललास, तो सहज उचललास यावर कोणी शहाण्याने विश्वास ठेवावा का? नाना विभागाचे प्रमुख असताना याच शब्दाने त्यांचा घात केला. आमच्या कोशाचा तिसरा भाग, एस ते व्ही, बाजारात येऊन महिना झाला नव्हता आणि कुणीतरी पत्र पाठवलं की यातले त्रेचाळीस शब्द ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका तांबड्या पुठ्ठ्याच्या छोट्या कोशातून जसेच्या तसे उतरवले आहेत. पुरावा काय? तर या शब्दाचा एक अर्थ पक्ष्यांच्या शास्त्रातला आहे, 'पुढे-मागे वळू शकणारे (बोट)'. तांबड्या कोशात छापताना चूक होऊन 'बोट'चं 'पोट' झालं होतं. आमच्याही कोशात 'पोट'च होतं. दोघांनी एकच शब्द निवडला असेल, दोघांनी एकच अर्थ दिला असेल, पण एकच चूक दोघं करत नाहीत.

समिती बसली. तीन जण. त्यातल्या एकाने नानांना विचारलं, पक्ष्याचं पोट पुढे-मागे वळतं का हो? बाकीचे दोघे हसले. मी त्या वेळी खोलीच्या बाहेर बाकावर होते, तू माझ्या शेजारी. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. तूही ते हसणं ऐकलंस.

आत पहिली तू गेलीस आणि ठणकावून सांगितलंस की हे सगळे शब्द नानांना स्वतः करताना तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. मग मला बोलावलं. आदल्या दिवशी आपण दोघींनी ठरवलं होतं की मीही तेच सांगायचं. आणि मी म्हटलं, मला माहीत नाही. शब्द आणि अर्थ लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या कोणी केल्या, कशा केल्या, मला सांगता येणार नाही.

हेच ना तुझ्या मनात? ताईने पलटी मारली. नाना घरी बसले आणि ताई नोकरीत राहिली. आठ दिवसांनी तू बॅग भरलीस आणि मला म्हणालीस, 'तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही.' नाना गेले तेव्हाही तू आली नाहीस. मी तार केली, फोन केला. तू म्हणालीस, रजा नाही. सख्ख्या बापाच्या मरणाला रजा नाही! लोकांना काय सांगायचं ते मी सांगितलं. मला मात्र ठाऊक होतं, तुला माझं तोंड बघायचं नव्हतं.

पण मी खोटं बोलले नाही, ठके. मला माहीत नाही म्हणाले एवढंच. खोटं तू बोललीस. तू कुठे सगळं पाहिलं होतंस?

ताई


२२ मार्च

ठके,

तुझं कार्ड आलं. पाच ओळींचं, तेही उघडं. पोस्टमनने वाचलं असणार.

तू लिहितेस की ऑफिसने छापील फॉर्म पाठवला होता, त्यात 'उमेदवाराचे एका शब्दात वर्णन' या रकान्यात पाच शब्द छापलेलेच होते आणि लागू नसतील ते खोडायचे होते. वक्तशीर, आज्ञाधारक, कष्टाळू, विनम्र, आणि हा. तू चार खोडलेस. कारण पहिल्या चारांपैकी कुठलाही शब्द नानांच्या मुलीबद्दल लिहायला तुला लाज वाटली असती.

मला पटलं नाही. मी काकांना म्हटलं, मूळ फॉर्म दाखवा. ते का-कू करायला लागले तेव्हा माझा संशय आणखी वाढला. शेवटी संचालिकाबाई जेवायला गेल्या असताना मी फाइल हातात घेऊन स्वतः पाहिलं. फॉर्म छापील आहे. चार शब्दांवर तुझी सरळ रेघ आहे. गोषवारा करताना टायपिस्टबाईंनी उरलेला शब्द तेवढा उचलला. बाकी दोघांनी मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं म्हणून त्यांच्या ओळी झाल्या.

म्हणजे कशात काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

हे लिहून पत्र संपवणार होते. 'गैरसमज झाला, क्षमस्व' असं लिहून पाकीटही बंद केलं होतं. पण तुझ्या कार्डाची शेवटची ओळ अशी आहे: 'ताई, एका शब्दाला तू एवढी का घाबरलीस?'

पाकीट पुन्हा उघडलं आहे. उत्तर देईन. आज नाही.

ताई


७ एप्रिल

ठके,

दोन आठवडे मी स्वतःला समजावत होते की तुला काही कळलेलं नाही, तेव्हा सांगायचं कारण नाही. पदाचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. तोंड मिटून बसलं की झालं. नऊ वर्षं मिटलंच आहे.

पण तू विचारलं आहेस. मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी नानांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवतं? महिनाभर पट्टी होती आणि उजव्या डोळ्याने त्यांना जेमतेम दार दिसायचं. तू तेव्हा परीक्षेसाठी वसतिगृहात होतीस. व्हीचे शब्द छापखान्यात सोमवारी द्यायचे होते. नाना म्हणाले, उरलेले दीडशे तू कर, मला वाचून दाखव, म्हणजे झालं. पहिल्यांदाच त्यांनी मला एकटीला काम दिलं होतं. नाहीतर ते चिठ्ठ्या तुला द्यायचे आणि मला म्हणायचे, 'ताई, एवढ्या वर्णक्रमाने लाव.'

त्याच आठवड्यात तुझे भावजी जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. दिवसभर मी हॉस्पिटलात त्यांच्या पलंगाशेजारी बसायची. मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एकशे सात झाले. प्रामाणिकपणे केले, तुला शपथेवर सांगते. मग डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, पाय आखूड राहण्याची शक्यता आहे. त्यानंतर मला एक शब्द सुचेना. तांबडा कोश पिशवीत होता, ताडून पाहायला घेतलेला. मी म्हटलं, आत्ता उतरवून देते, प्रूफाच्या वेळी बदलीन. त्रेचाळीस उतरवले. तक्रार करणाऱ्याने बरोबर मोजले होते.

रविवारी नानांना वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे मधे म्हणायचे, छान, नेमकं, पुढे. तो शब्द आला तेव्हा मी 'पक्ष्याचं बोट' असंच वाचलं. जिभेला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. कागदावर पोट होतं आणि मी बोट वाचलं. त्यांनी मान डोलावली. प्रूफं आली तेव्हा भावजींचं दुसरं ऑपरेशन होतं. मी नुसत्या काना-मात्रा पाहिल्या.

तक्रार आली तेव्हा नानांनी मला काही विचारलं नाही. समिती मूळ चिठ्ठ्या मागवणार होती. सुनावणीच्या आधीच्या रविवारी त्यांनी व्हीचा खोका घरी आणला. मी संध्याकाळी गेले तेव्हा खोका भरलेला होता आणि माझ्या त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यात नव्हत्या. त्या जागी नानांच्या अक्षरातल्या होत्या. मी एक उचलून पाहिली. ते म्हणाले, 'अक्षर एकसारखं असलेलं बरं.' एवढंच. मग चहा मागितला.

म्हणून मी समितीसमोर 'मला माहीत नाही' म्हणाले. त्या चिठ्ठ्या नानांनी केल्या, हे तोंडातून निघेना. त्या मी केल्या, हे त्याहून निघेना. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे मला माहीत नाही. माझ्यानंतर त्यांना परत आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुझ्या नाही, याचा तुला राग आला होता. आता कळलं का ठेवला?

झालं. आता तू संचालिकाबाईंना कळवू शकतेस. त्यांचा पत्ता तुझ्याकडे आहेच.

ताई


१२ मे

ठके,

तुझं पत्र अकरा पानांचं आहे. आधी मला वाटलं, वकिलाचं असेल.

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला बसले तेव्हा भावजी म्हणाले, 'अगं, तोंडाचा रंग बघ तुझ्या.' त्यांना दिलं वाचायला. नऊ वर्षांत मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या पायापायी झालं असं त्यांना वाटेल म्हणून. तेच वाटलं. ते अजून नीट बोलत नाहीत.

तू लिहितेस की सुनावणीच्या आधीच्या त्या रविवारी दुपारी तू वसतिगृहातून न कळवता घरी आलीस. नाना खिडकीपाशी टेबलावर बसून तांबडा कोश उघडा ठेवून चिठ्ठ्या लिहीत होते. तुझी चाहूल लागल्यावर त्यांनी त्यावर वर्तमानपत्र ओढलं. तू पाणी पिऊन तशीच परत गेलीस. आणि दोन दिवसांनी समितीसमोर जाऊन तू म्हणालीस की हे शब्द नानांना करताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणजे तू त्यांना वाचवण्यासाठी खोटं बोललीस, आणि मनात धरून बसलीस की नाना चोर आहेत.

मला नऊ वर्षं वाटत होतं की तू माझ्यावर रागावून गेलीस. तू लिहितेस, 'ताई, तुझ्यावर रागावणं सोपं होतं म्हणून रागावले. खरं तर मला नानांसमोर जेवायला बसवेना. ज्यांनी मला शब्द शिकवले त्यांनी शब्द चोरले, हे मला गिळता येईना.' आणि मरणाला रजा मिळाली नाही ते खोटं होतं, रजा होती, तिकीटही काढलं होतंस, स्टेशनावरून परत फिरलीस.

मी माझी नोकरी वाचवली, नानांचं नाव घालवलं, हे मला माहीत होतं. ते मी रोज डब्यासारखं बरोबर नेत होते, सवय झाली होती. पण मी तुझा बाप तुझ्यापासून तोडला, हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, ठके. हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही, तरी लिहिते.

तू क्षमा केलेली नाहीस, तसं साफ लिहिलं आहेस. बरं केलंस. केली असतीस तर मी त्यातही काहीतरी शोधत बसले असते.

सोमवारी मी संचालिकाबाईंकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. मी म्हटलं, नाही. मग विचारलं, आत्ताच का सांगताय, निवड आठवड्यावर आली असताना. मी म्हटलं, बहिणीने विचारलं म्हणून. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, 'लेखी द्या.' दिलं, तिथेच त्यांच्यासमोर, दोन पानं.

प्रमुखपद गेलं. नव्या आवृत्तीवर माझं नाव येणार नाही. काम पुरं होईपर्यंत टेबल राहील, पुढचं समिती ठरवेल. प्रस्तावनेत जुन्या प्रमुखांच्या 'अनवधानाबद्दल' एक वाक्य होतं. ते काढून तिथे काय घालायचं ते मला लिहायला सांगितलं आहे. मी लिहिलं की ते त्रेचाळीस शब्द सहायक संपादिकेने उतरवले होते, आणि सहायक संपादिकेचं पूर्ण नाव. मसुदा सोबत जोडला आहे. व्याकरण तेवढं तपास.

काका दुपारी चहाला आले नाहीत.

ताई


२५ मे

ठके,

तुझं पत्र मिळालं. नानांची शेवटची दोन वर्षं सांग म्हणतेस. सगळी सांग, काही गाळू नकोस म्हणतेस. शेवटचा शब्द दोनदा अधोरेखित केला आहेस, म्हणजे अजून माझ्यावर विश्वास नाही. नसावाच.

ते खचले वगैरे नव्हते. सकाळी साडेसहाला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालून टेबलाशी बसायचे, जसे काही ऑफिसात निघाले आहेत. संस्थेने चौथ्या भागाचं काम थांबवलं होतं, पण त्यांनी डब्ल्यू घरीच सुरू केला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. मी म्हणायची, नाना, कशाला? ते म्हणायचे, व्हीनंतर डब्ल्यू येतो म्हणून. दर रविवारी मी जायची. त्यांनी त्या चिठ्ठ्यांचा विषय एकदाही काढला नाही. मी वाट बघायची, आज काढतील, आज काढतील. त्यांचं प्रत्येक वाक्य मी उलटंसुलटं करून बघायची. ते म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे, तर मला वाटायचं, याचा दुसरा अर्थ काय?

तुझ्याबद्दल दर रविवारी विचारायचे. तिची परीक्षा झाली का. तिकडे पाणी कसं आहे. तुझा फोटो टेबलावर ठेवला नव्हता. ती आठवायला मला फोटो कशाला, म्हणायचे.

आता एक गोष्ट उरली. ती सांगितली नाही तर हे सगळं पुन्हा 'मला माहीत नाही'सारखंच होईल.

जाण्याच्या चार महिने आधी त्यांनी माझ्याकडे एक बंद पाकीट दिलं, तुझ्या नावाचं. टाकून दे पोस्टात, म्हणाले. मी घरी आणलं. मला खात्री होती की त्यांनी तुला सगळं लिहिलं आहे. मी ते उघडलं. वाफेवर वगैरे नाही, सरळ फाडलं, एवढी घाई झाली होती मला. वाचलं. त्यात माझ्याबद्दल तसलं काहीच नव्हतं. मग फाटलेलं पाकीट पाठवणार कसं? नवं पाकीट करून पत्ता लिहिला असता तर तुला माझं अक्षर दिसलं असतं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिले. ते अधूनमधून विचारायचे, उत्तर आलं का. मी म्हणायची, टपाल हल्ली उशिराच येतं.

पत्र सोबत पाठवते आहे, फाटलेल्या पाकिटासकट. अक्षर मोठं आहे, डोळ्यांमुळे. तुझ्यासाठी इथे उतरवून ठेवते, कारण टपालात हरवलं तर पुन्हा तू म्हणशील की ताईने ठेवून घेतलं.

'ठके, डोळे बरे आहेत. डब्ल्यू संपत आला. पुढे एक्स. त्यात शब्द मोजके आहेत, तुझ्या एका सुट्टीत दोघं मिळून उरकू. ये. ताईला हे सांगू नकोस, तिला वाटेल मला तिचं काम पसंत नाही. नाना.'

डब्ल्यू त्यांनी पुरा केला. वाय आणि झेड नंतर मी केले, या वेळी प्रत्येक चिठ्ठी माझी. एक्सच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. संचालिकाबाई गेल्या आठवड्यात विचारत होत्या की एक्सचं काय झालं. मी म्हटलं, जूनअखेर देते.

तुझी सुट्टी कधी लागते?

ताई